आतून लावलेली पाचर

मित्रांनो, मला पाहायचे असेल तर तुम्हाला थोडे वाकावे लागेल. माझी लांबी तळहाताएवढी. एक टोक जाड, दुसरे निमुळते. मी एक जुनी लाकडी पाचर आहे, दाराखाली सरकवायची. माझे नाव निघाले की मोठी माणसे नाक मुरडतात. 'त्याने ऐन वेळी पाचर मारली' असे म्हणून कुणाच्या तरी नावाने बोटे मोडतात. वास्तविक मी जन्मात कुणाच्या कामात खोडा घातला नाही. आतल्या माणसाला निवांत झोपू द्यायचे, एवढेच माझे काम. ते मी इतके चोख केले की त्यातूनच सगळा घात झाला. कसा, ते सांगते.

माझा जन्म एका चष्म्यांच्या दुकानात झाला. दुकानात नवी मांडणी बसवायला एक सुतारमामा आले होते. तिथे काम करणाऱ्या बाईंना ते वहिनी म्हणत, म्हणून मीही त्यांना वहिनीच म्हणते. वहिनींचे काम गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून डोळ्यांपुढे एकामागून एक काचा धरायचे. दिवसभर त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे. "आता कसं दिसतंय? हे बरं, की आधीचं बरं?" घरी गेल्यावरही सुटका नव्हती. पंखा असा बरा की कमी करू, चहा आता ठेवू की मग, खिडकी उघडी ठेवू की लावू. सासूबाईंना, नवऱ्याला, मुलाला, सगळ्यांना त्या विचारीत. त्यांना स्वतःला काय बरे वाटते, हे मात्र कुणी विचारत नसे, आणि खरे सांगायचे तर त्यांचे त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

त्यांचे यजमान, म्हणजे आपले दादा, हे अगदी देवमाणूस, पण अंथरूण सोडून दुसरीकडे झोप न येणारे. एकदा दोघांनी मिळून चार दिवस एका तळ्याकाठच्या गावी जायचे ठरवले होते. तिकिटे काढली, सामान बांधले, आणि आयत्या वेळी दादांनी उशी कवटाळली. "तू जाऊन ये. मला माझी उशी बरी," ते म्हणाले. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. "बाईमाणूस एकटी हिंडणार? लोक काय म्हणतील?" दादा म्हणाले, "अगं आई, लोकांना काही ना काही म्हणायचंच असतं. नाहीतर त्यांचा दिवस कसा जायचा?" आणि वहिनी एकट्या गेल्या.

तिथे लॉजच्या दाराची कडी सैल होती. वहिनी खुर्ची दाराला टेकवून रात्रभर त्या खुर्चीतच बसून राहिल्या. तळे पाहिले, पण डोळे तारवटलेले. परत आल्यावर दुकानात त्यांनी ही कथा सांगितली तेव्हा सुतारमामा रंधा मारीत होते. मांडणीच्या फळीचा एक तुकडा उरला होता. त्यांनी तो तिरका कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि खाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली.

"घ्या वहिनी," ते म्हणाले. "दार लावायचं आणि आतून ही खाली सरकवायची. बाहेरून कुणी जितकं जोरात ढकलेल, तितकी ही घट्ट रुतेल. काढायची असली तर आतूनच, दोन बोटांनी."

"एवढीशी?" वहिनी हसल्या.

"मूर्ती लहान," सुतारमामा म्हणाले आणि पुन्हा रंध्याकडे वळले. पुढची अर्धी म्हण मी मनातल्या मनात पुरी केली. नवीन होते, जरा गर्व होता.

तेव्हापासून वर्षातून एकदा आमची दोघींची सहल ठरलेली. वहिनींच्या पर्समध्ये कंगवा, गोळ्या, रुमाल आणि मी. नव्या खोलीत शिरल्याबरोबर त्या आधी दार लावीत, मला पायाच्या अंगठ्याने खाली सरकवीत आणि मग मोठ्ठा श्वास सोडीत. तो श्वास ऐकायला मी वर्षभर थांबत असे. मग त्या पलंगावर आडव्यातिडव्या पसरत. घरी त्यांच्या वाट्याला पलंगाची कड यायची.

पहिल्या सहलीतली गंमत सांगते. वहिनी जेवायला गेल्या, मी पर्समध्ये. वेटरने विचारले, "काय आणू?" वहिनी सवयीने म्हणाल्या, "काहीही चालेल." वेटर म्हणाला, "बाई, काहीही संपलंय. दुसरं सांगा." आजूबाजूचे हसले. वहिनीही हसल्या, मग फळ्यावरची नावे वाचत बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी तळलेला मासा मागवला. दादांना त्याचा वास सहन होत नसे, म्हणून लग्न झाल्यापासून त्यांनी तो खाल्ला नव्हता. काटा न काटा चाटून पुसून संपवला. खोलीवर आल्यावर आरशासमोर उभ्या राहून त्या स्वतःलाच म्हणाल्या, "तुला मासा आवडतो. लक्षात ठेव."

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, एकटीने हिंडण्यात कसली मजा? मलाही आधी तसेच वाटे. पण मी पर्समधून बरेच ऐकले आहे. दोघे बरोबर असले की ती दोघे आपसातच बोलतात, आणि त्यातही निम्मा वेळ भांडतात. एकट्या माणसाशी मात्र सगळे जग बोलते. वहिनी एकदा चुकीच्या बसमध्ये बसल्या आणि भलत्याच गावी उतरल्या. दादा असते तर "तूच म्हणालीस ही बस" असे म्हणत दिवस गेला असता. वहिनी तिथल्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारच्या म्हातारीने त्यांच्या हातात लोकरीची लड दिली आणि गुंडा करता करता आपल्या तिन्ही सुनांची गाऱ्हाणी सांगितली. परतीची बस येईपर्यंत गुंडाही झाला आणि वहिनींचे पोटही दुखले, हसून हसून. रस्ता चुकला तरी आपण काही हरवत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले. पुढे दुकानात, घरात काही बिनसले तरी त्या पूर्वीसारख्या हबकून जात नसत.

आणि एक सांगते. एका सहलीत, चांगल्या उजेडाच्या दुपारी, वहिनी दार लावून पलंगावर बसल्या आणि एकदम हमसून हमसून रडू लागल्या. मी घाबरले. मग ऐकले, त्या "बाबा, बाबा" म्हणत होत्या. त्यांचे वडील वारले त्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती. पण त्या वेळी घरभर पाहुणे होते. सगळ्यांचे चहापाणी वहिनींनीच केले होते. रडायला त्यांना ना वेळ मिळाला होता ना जागा. ती जागा त्यांना परगावी, भाड्याच्या खोलीत, माझ्यामागे मिळाली. त्या पोटभर रडल्या, तोंड धुतले आणि फिरायला गेल्या. दार धरून बसण्यापलीकडे मी काहीच केले नव्हते, तरी त्या दिवसाइतकी मी कधी सुखावले नाही.

घरी परतल्यावर दादा म्हणत, "जाताना कुरकुरत जातेस आणि येताना हसत येतेस. वर्षातून दोनदा जात जा बाई, आमचंच भलं होईल." सासूबाईसुद्धा शेवटी शेवटी विचारू लागल्या, "यंदा कुठे निघालीस?" आणि मला हातात घेऊन पाहात. ते माझे वैभवाचे दिवस होते.

चांगले दिवस काही मुक्कामाला राहात नाहीत. सासूबाई गेल्या. काही वर्षांनी दादाही आपल्या लाडक्या उशीवर, झोपेतच गेले. वहिनींची नोकरी संपली आणि त्या मुलाकडे राहायला आल्या. हे आमचे चिरंजीव. फार मायाळू, आईवर जीव टाकणारे. पण नोकरी अशी की कारखान्यांत जाऊन कुठे काय धोका आहे ते शोधायचे. त्यामुळे त्यांना पायरी दिसली की आधी घसरण दिसते आणि तार दिसली की शॉक. सूनबाईही चांगल्या. दोघांनी वहिनींना स्वतंत्र खोली दिली, नवा पलंग आणला, अगदी तळहातावरच्या फोडासारखे जपले.

तिथे आल्यावर काही महिन्यांनी वहिनी जेवताना म्हणाल्या, "मी चार दिवस तळ्याकाठी जाऊन येईन म्हणते. तेव्हा नीट बघितलंच नव्हतं."

चिरंजीवांचा घास हातातच राहिला. "एकटी? एकटी कशाला? आम्ही काय मेलोय?"

"अरे, असं काय बोलतोस! मला सवय आहे एकटीने जायची."

सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, आमचं काही चुकलं का? तुम्हाला इथे एकटं एकटं वाटतं का?"

आता याला काय म्हणावे? वहिनींना एकटे जायचे होते, आणि या दोघांना वाटले की त्या एकाकी आहेत. त्या नाही नाही म्हणाल्या, पण जितके नाही म्हणाल्या तितका त्या दोघांचा समज पक्का होत गेला. अखेर चिरंजीवांनी आईला खूश करण्यासाठी बेत आखला. मोठी गाडी ठरवली. ते, सूनबाई, सूनबाईंचे आईवडील आणि वहिनी, सगळा लवाजमा तळ्याकाठी निघाला. "आता एकटं वाटणारच नाही तुला," ते म्हणाले. वहिनींनी मला पर्समध्ये टाकले आणि पर्सची चेन ओढताना एक उसासा सोडला.

त्या सहलीत वहिनींनी तळे कमी आणि माणसांच्या पाठी जास्त पाहिल्या. जरा कुठे थांबल्या की कुणी तरी विचारी, "दमलात का?" जरा गप्प बसल्या की, "बरं वाटत नाही का?" तळ्याच्या काठावर सगळ्यांचे फोटो झाले आणि व्याहीबुवांना भूक लागली म्हणून गाडी परत वळली. चिरंजीवांनी आईसाठी खोली मात्र वेगळी घेतली होती. "तुझी आवडती, एकटीची," असे ते कौतुकाने म्हणाले. वहिनींचा चेहरा उजळला. त्यांनी दार लावले, मला सरकवले आणि तो जुना मोठ्ठा श्वास सोडला. मला इतका आनंद झाला की मी जरा जास्तच घट्ट बसले.

सकाळी सगळे उठायच्या आत तळ्यावर एकटीने एक फेरी मारून यायची, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. उजाडले तशा त्या तयार झाल्या. तोंड धुऊन बाहेर येताना ओल्या फरशीवर त्यांचा पाय सटकला आणि त्या धपकन खाली बसल्या. पाय मुरगळला होता, बाकी काही नाही. पण आवाज शेजारच्या खोलीत गेला.

दाराच्या फटीतून मला चिरंजीवांचे अनवाणी पाय धावत येताना दिसले.

"आई! काय झालं? दार उघड!"

"काही नाही रे, घसरले जरा. थांब, येते."

पण चिरंजीव कसले थांबतात! त्यांनी दार ढकलले. मी रुतले. त्यांनी आणखी जोर लावला, मी आणखी रुतले. वहिनी बसल्या बसल्या सरकत माझ्यापर्यंत आल्या. त्यांची दोन बोटे माझ्या कडेला लागली.

"अरे, ढकलू नकोस," त्या आतून म्हणाल्या. "खाली पाचर आहे. तू ढकललंस की ती निघत नाही. एक क्षण थांब, मी काढते."

"तू बोलू नकोस आई, पडून राहा! मी आलोच!" चिरंजीव ओरडले. त्यांच्या आवाजात रडू होते.

मित्रांनो, मी काय करू शकत होते? सैल व्हावे असे मला जिवाच्या आकांताने वाटत होते. पण पाचरीला स्वतःहून सैल होता येत नाही. ढकलले की रुतायचे, हाच माझा पिंड, त्यासाठीच मला घडवलेले. त्यांनी क्षणभर हात आवरला असता, तर वहिनींनी मला सहज काढून घेतले असते. बाहेर आणखी पाय जमले. लॉजचा मॅनेजर आला. दोघांनी मिळून खांदा लावला. जुन्या दाराची बिजागरी उखडली, दार तिरके होऊन आत कोसळले, आणि माझ्याकडे पुढे केलेला वहिनींचा हात त्याच्याखाली सापडला. मनगट मोडले. त्या गोंधळात ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

चिरंजीवांनी आईला उचलून छातीशी धरले. ते लहान मुलासारखे रडत होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पडताना हात टेकला असेल." वहिनींनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले. "हो, टेकला," त्या म्हणाल्या. सामान आवरताना मलाही कुणी तरी पर्समध्ये टाकले होते, म्हणून मी ऐकले. खरे काय ते दोघींनाच ठाऊक होते. त्या बोलणार नव्हत्या आणि मला बोलता येत नव्हते.

घरी आल्यावर चिरंजीवांनी मला पर्समधून काढले. "हिच्यामुळेच झालं सगळं," असे म्हणत ते मला खिडकीतून भिरकावणार होते. पण सूनबाई म्हणाल्या, "थांबा, उपयोगी आहे." मग त्यांनी वहिनींच्या खोलीचे दार सताड उघडले, भिंतीला टेकवले आणि मला त्याच्या खाली घालून चपलेच्या टाचेने दोन तडाखे दिले. दार कधीही मिटू नये म्हणून. आयुष्यभर मी ज्या बाईचे दार लावून धरले, तिचेच दार आता उघडे धरून ठेवायचे माझ्या नशिबी आले.

येणारा जाणारा आत डोकावे. "आई, काही हवं का?" "आई, झोपलात का?" "आई, का झोपला नाहीत?" टीव्हीचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, पाहुण्यांच्या गप्पा, सगळे थेट पलंगापर्यंत येई. वहिनी कपडे बदलायला न्हाणीघरात जात. आडव्यातिडव्या त्या कधीच झोपत नसत. पलंगाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून पडत. प्लास्टर निघाल्यावर एकदा त्यांनी धीर करून पुन्हा तळ्याचा विषय काढला. चिरंजीव लगेच म्हणाले, "जाऊ ना! सगळे जाऊ. या वेळी तुझ्याच खोलीत झोपेन मी." वहिनी म्हणाल्या, "नको, राहू दे." त्यानंतर त्यांनी तळ्याचे नाव काढले नाही.

मग ती दुपार आली. सूनबाई भाजी आणायला गेल्या होत्या. घरात कुणी नव्हते. वहिनी पलंगावरून उठल्या आणि दारापाशी आल्या. मग दाराची कड धरून, गुडघे कुरकुरत असताना, हळूहळू फरशीवर बसल्या. त्यांनी मला धरले आणि ओढले.

मी निघाले नाही. उजव्या हातात जोर उरला नव्हता, डाव्याला सवय नव्हती. मला सैल करायला दार अजून मागे न्यावे लागते, आणि मागे तर भिंत. त्यांनी नखे लावली, चमच्याने उचकटून पाहिले. मी आपली ठार बसलेली. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या अंगावर पडला.

"निघ ना गं," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं फक्त. मला फक्त दार लावून बसायचंय."

आयुष्यात मला इतकी स्वतःची चीड आली नव्हती. लाकडाला रडता येत नाही म्हणतात, ते बरेच आहे.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. चिरंजीव त्या दिवशी लवकर आले होते. त्यांनी आईला फरशीवर बसलेले पाहिले आणि हातातली बॅग तिथेच टाकली.

"आई! पुन्हा पडलीस?"

वहिनींनी वर पाहिले. मी खालून त्यांचा चेहरा पाहात होते. त्यांच्या ओठांवर खरे उत्तर आले होते, मी ते अगदी स्पष्ट पाहिले. मग त्यांनी मुलाकडे पाहिले. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. चमचा त्यांनी हळूच मांडीखाली सरकवला.

"हो रे," त्या म्हणाल्या. "पडले."

दुसऱ्या दिवशी माणसे आली. त्यांनी पेचकसाने बिजागऱ्या सोडवल्या आणि दार काढून नेले. अडकायला नको, मिटायला नको, धोकाच नको. तिथे एक पातळ पडदा लावला. "आता आम्हाला काळजी नाही," चिरंजीव म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "बरं केलंस." मी भुश्शात आणि धुळीत पडले होते. केर काढायच्या आत वहिनींनी मला उचलले आणि उशीखाली ठेवले. आता मी तिथेच असते. धरायला दार नाही. रात्री त्यांचा हात माझ्यावर येऊन पडतो, आणि मी नुसती असते.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला पुन्हा कामाला लावा असे मी म्हणत नाही, माझे दिवस सरले. पण तुमच्या घरात आई असेल, आजी असेल, आत्या असेल. तिने कधी चार दिवस एकटीने कुठे जायचे म्हटले, तर "एकटी कशाला?" असे विचारू नका. तिचे तुमच्यावरचे प्रेम आटले असे समजू नका. ती बॅग भरील तेव्हा तिला बॅग उचलून द्या आणि आल्यावर काय पाहिले ते विचारा. आणि कधी ती दार लावून आत बसली, आतून काही पडल्याचा आवाज आला, तुमचा जीव घाबराघुबरा झाला, तरी एवढे माझे ऐका. दारापासून हात काढा. तिला हाक मारा. आणि ती काय म्हणते ते ऐकायला क्षणभर थांबा.